भिमाचं पायताण

गाडी मागायला निघालात? मानसिंगची? बसा खाली. आधी तो मोबाइलचा उजेड बंद कर, यशराज, डोळ्यांत येतोय. लाइट येईल तेव्हा येईल. अंधारात बोललेलं ऐकू येत नाही असं थोडंच आहे!

मला कळलंय, कोकणात जायचंय तुम्हाला. श्रावण लागायच्या आत समुद्र बघायचा, मासे खायचे, पावसात भिजायचं. जा की, वयच आहे तुमचं. मी उभा जन्म एसटी चालवली. कोकणातल्या गाड्याही केल्यात, तिकडचा रस्ता कुठं वळतो ते झोपेत सांगेन. हवी तर भाड्याची जीप ठरवून देतो. पण ती गाडी मागू नका. सात जणांची चांगली पांढरीशुभ्र गाडी, पाच-सहा महिने जेमतेम चाललेली, आणि आता दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. मानसिंग ती विकत नाही आणि चालवतही नाही. कोंबड्या अंडी घालतात तिच्याखाली. असं का, हे विचारायचं तुम्हाला कधी सुचलं नाही, मागायला मात्र तिघं मिळून निघालात.

सूरज, हसू नकोस. भुताखेतावर माझा विश्वास नाही. रात्री-अपरात्री रिकामी गाडी घाटातून आणलेला माणूस आहे मी, मला कधी कुणी आडवं आलं नाही. जे सांगणार आहे त्यातलं अर्धं मानसिंगनं स्वतः, इथंच या ओट्यावर बसून, मला सांगितलंय. उरलेलं अर्धं मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

पानमळ्यातला भिमा आठवतो ना? कायम डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, गळ्यात तुळशीची माळ, आणि स्वतःशीच हसत चालायचा तो. मानसिंगचा लहानपणापासूनचा जोडीदार. शाळेत दोघं एकाच दिवशी गेले आणि भिमा त्याच दिवशी परत आला, एवढाच काय तो फरक. पुढं मानसिंगनं पानमळा लावला तो भिमाच्या जिवावर. जमीन मानसिंगची, कष्ट भिमाचे आणि पीक निम्मं निम्मं. वीस वर्षं कधी दोघांत शब्दाला शब्द लागला नाही.

मळ्याचा नियम तुम्हाला माहीत आहे, पाळत नाही ही गोष्ट वेगळी. पानमळ्यात पायताण घालून शिरायचं नाही. लक्ष्मी असते ती. तुम्ही आता गमबूट घालून जाता, वर फोटो काढता. भिमानं हे कधी केलं नाही. चिखल असो, काटा असो, तो मळ्याच्या तोंडाशी पायताण काढायचा आणि ठेवायचाही एका ठरलेल्या रीतीनं. टाचा मळ्याकडं, बोटं रस्त्याकडं. बाहेर आलं की वळायला नको, नुसते पाय सरकवायचे आणि चालू लागायचं. उजव्या पायताणाचा पट्टा तुटलेला होता, तो त्यानं निळ्या नायलॉनच्या सुतळीनं बांधला होता. हे ध्यानात ठेवा.

भिमाला एकच हौस होती. समुद्र बघायचा. त्यानं उजनीचं पाणी बघितलेलं, त्याहून मोठं पाणी कसं असेल हे त्याला समजायचं नाही. मळा लावला तेव्हा मानसिंग त्याला म्हणाला होता, "गाडी घीन तवा पयला तुला समुद्र दावीन." वीस वर्षांनी गाडी आली. पूजेच्या वेळी चाकाखाली लिंबं ठेवायला भिमाच वाकला होता, आणि तोंडभर हसत होता. मग रोज त्याच्या शंका सुरू झाल्या.

"व्हय रं मानसिंग, समुद्रात शिरताना पायताण काढत्यात का?"

"काढत्यात की. वाळूत ठिवायचं आन् शिरायचं."

"मग कुणी न्हेणार न्हाय न्हवं माझं?"

"तुझं फाटकं पायताण न्हिऊन करायचं काय त्येला?"

रंगूबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, तर हे सगळं थापाच वाटायचं. "एवढं पाणी आन् खारट? कोण गेलंतं तितं मीठ टाकाया?" भिमा म्हणायचा, "थांब. चाखून येतो आन् सांगतो तुला." हे मी कितीदा ऐकलंय. आमच्या दोघांच्या घरांमध्ये एक बांध तेवढा आहे.

दिवस ठरला. श्रावण सोमवारी लागणार होता, त्याच्या आधीचा शनिवार. दुसऱ्या दिवशी अवस. भिमानं धोतर धुऊन उशाखाली घडी घालून ठेवलं. रंगूबाई काटेवाडीला लेकीकडं, स्वरूपाकडं गेली होती, तर तिचा फोन आला तेव्हा तिला सांगितलं, शनवारी निघतो म्हणून.

आता मधे काय झालं, तर मानसिंगचे नवे दोस्त. गाडी आल्यावर आलेले. एक बापूसाहेब, पाइपांच्या दुकानवाले, आणि एक दादासो, ते निवडणुकीपुरते दिसतात ते. त्यांनाही कोकणात यायचं होतं. खायचं, प्यायचं. माळकरी माणूस बरोबर कशाला, आणि त्याला गाडी लागली, ओकला म्हणजे? असं बापूसाहेब बोलला. मानसिंगला त्याला सांगता आलं असतं की बाबा, मी शब्द दिलाय. पण त्याला लाज वाटली. पोरांनो, त्याला भिमाची लाज वाटली. दुसरं काही कारण नव्हतं. गाडीत जागा सात होत्या आणि माणसं तीन.

शुक्रवारी संध्याकाळी तो भिमाच्या दारात गेला. "रद्द झालं," म्हणाला. "कोकणात लई पाऊस सांगितलाय. दरडी पडत्यात. फुडल्या टायमाला बघू."

भिमा म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. न्हायतर मी पहाटं उठून बसलो असतो."

हे मला सांगताना मानसिंग तोंड फिरवून बसला होता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. मला राग आला होता, अजून येतो.

शनिवारी पहाटे निघाले. भिमाच्या घरापुढून जाताना मानसिंगनं गाडीचे दिवे बंद केले. एवढं करायला कळलं त्याला. बारामतीच्या पुढं मग गाणी लागली. पुढं पुणं, ताम्हिणी घाट, माणगाव, आणि दुपारी दिवेआगर. पाऊस सगळीकडं होता, पण दरड कुठं पडलेली नव्हती. खानावळीत मासे आले. ताटावर बसल्या बसल्या मानसिंगनं फोनमध्ये बघितलं तर इकडं आपल्याकडंही पाऊस लागला होता. पानमळ्यात पाणी साचलं की वेल कुजतात. त्यानं भिमाला फोन केला.

"मी कऱ्हाटीला आलोय. पाव्हण्याकडं मयत झालीया. आज यायचं व्हईल का न्हाय सांगता येत न्हाय. मळ्यात पाणी साचंल, सांजच्याला जाऊन चर मोकळं कर."

"करतो की," भिमा म्हणाला. "तू नगं काळजी करू. जेवलास का?"

मानसिंग म्हणाला, व्हय, जेवलो. आणि जेवला.

संध्याकाळी पाऊस जरा उणावला म्हणून तिघं समुद्रावर गेले. त्या दिवसांत तिथं कुणी नसतं. राखाडी पाणी, राखाडी आभाळ आणि लाटांचा नुसता गोंगाट. मानसिंगला तो देखावा आवडला. बूट काढायचाही कंटाळा, तसेच ओल्या वाळूतून फिरले. दादासोचं पिऊन झालं होतं, तो गाडीत जाऊन झोपला. तेवढ्यात मानसिंगचा फोन वाजला. भिमाचा होता.

आता भिमाचा फोन म्हणजे साधा, बटणांचा. लिहिता-वाचता येत नसल्यानं मानसिंगनंच त्याला एक बटण दाखवून ठेवलं होतं. ते दाबून धरलं की फोन मानसिंगला लागायचा. दुसऱ्या कुणाला लावायचा हे भिमाला माहीतच नव्हतं.

समुद्र गरजत होता. फोन उचलला तर भिमाला ऐकू जाणार. मानसिंगनं कट केला. पुन्हा वाजला. पुन्हा कट केला. बापूसाहेब हसून म्हणाला, "कोण वं, वहिनी?"

"न्हाय. कामाचा माणूस हाय."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं आवाजच बंद करून टाकला. खिशात फोन नुसता थरथरत राहिला. बराच वेळ. मग थांबला.

ते गाडीकडं वळले. अंधारून आलं होतं. वाळूत मानसिंगला पायताणाचा जोड दिसला. कुणी नव्हतं आसपास. टाचा समुद्राकडं आणि बोटं रस्त्याकडं. उजव्याचा पट्टा निळ्या सुतळीनं बांधलेला.

तो उभाच राहिला. बापूसाहेब पुढं गेला होता, त्यानं हाक मारली. मानसिंगनं स्वतःची समजूत घातली, की निळी सुतळी काय, सगळीकडं मिळते. कुणाही कोळ्याचं असेल. पाण्याकडं मात्र त्यानं बघितलं नाही. मला म्हणाला, "तात्या, बघितलं असतं तर दिसला असता."

मुक्काम श्रीवर्धनला होता. तो रस्ता तुम्ही बघालच. उजव्या हाताला खाली समुद्र, डाव्या हाताला डोंगर, आणि पावसात डोंगरावरचं पाणी थेट रस्त्यावर उतरतं. दिवसा बघत राहावं असा आहे. रात्री गाडी चालवणाऱ्यानं फक्त पुढं बघावं. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. मानसिंग चालवत होता, बापूसाहेब शेजारी, मागं दादासो घोरत होता.

शेखाडीच्या अलीकडं एक वळण आहे. दिव्याच्या झोतात एक माणूस चालताना दिसला. रस्त्याच्या कडेनं, पाठमोरा. डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ घेतलेली, आपल्याकडं पावसात घेतात तशी. पाय उघडे. गाडी त्याच्या अंगावर चिखल उडवत पुढं गेली.

"ह्या पावसात कुठं निघालाय?" बापूसाहेब म्हणाला. म्हणजे त्यालाही दिसला होता.

पुढचं वळण आलं. झोत फिरला.

तोच माणूस. पाठमोरा. तीच खोळ.

गाणं चालू होतं, ते बापूसाहेबनं बंद केलं. मानसिंगनं गाडी दामटली. वायपर फिरत होता. पाण्याचा आवाज. दुसरं काही नाही.

मग गाडीत वास आला. मासळीचा नव्हे, दारूचा नव्हे. पानमळ्याचा. आत शिरल्यावर येतो तो, ओल्या पानांचा आणि गार मातीचा. वीस वर्षं ओळखीचा वास. काचा तर सगळ्या बंद होत्या…

आणि मागं दादासो झोपेत बोलला.

"जरा सरक की रं… सगळा वला झालायस. मला भिजवतोस व्हय?"

बापूसाहेबनं मागं बघायला मान अर्धी वळवली. तशीच ठेवली. पुन्हा पुढं वळला.

"काय हाय मागं?" मानसिंगनं विचारलं.

बापूसाहेबनं सीटची कड घट्ट धरली.

"बापूसाहेब… काय हाय?"

"गाडी चालिव," तो म्हणाला. "मागं बघू नगं… गाडी चालिव."

मानसिंगनं आरशात बघितलं नाही. आरशाच्या कडेला काहीतरी दिसत होतं… पोत्याची खोळ… तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. ठिबक ऐकू येत होती. एवढ्या पावसात ती एकच ठिबक.

तेवढ्यात फोन उजळला. आवाज बंद होता, नुसता उजेड. नाव भिमाचं.

त्याला वाटलं, फोन आलाय म्हणजे भिमा घरी आहे. मळ्यात आहे. जिवंत आहे, ठीक आहे. मागं जे आहे ते दुसरंच काहीतरी. त्यानं घाईघाईनं फोन कानाला लावला.

"भिमा… बोल भिमा…"

पलीकडून लाटांचा आवाज आला.

लाटा. एकामागून एक. मघाशी वाळूत उभं राहून ऐकल्या होत्या तशाच. बराच वेळ. आणि मग भिमाचा आवाज. फोनमधून का पाठीमागून, हे मानसिंगला आजही सांगता येत नाही. रागावलेला नव्हता. दुखावलेला होता, लहान पोरासारखा.

"मानसिंग… रद्द झालं व्हतं न्हवं?"

…

नाही, अंगावर पांघरूण वगैरे घ्यायचं नाही. ऐका नीट.

त्या संध्याकाळी इकडं काय झालं ते आता सांगतो, कारण ते माझं आहे. रंगूबाईचा काटेवाडीहून मला फोन आला. "तात्या, हे फोन उचलंनात. दुपारी मी फोन केला तवा म्हणले, जाणं रद्द झालं, मानसिंग भावजी कऱ्हाटीला गेल्यात, मी सांजच्याला मळ्यात जाणार हाय. जरा बघता का?" मी बॅटरी घेऊन भिमाच्या घरी गेलो, नव्हता. मळ्याकडं गेलो. मळ्याच्या तोंडाशी पायताण होतं. टाचा मळ्याकडं, बोटं रस्त्याकडं. मीही माझ्या चपला शेजारी काढल्या आणि आत गेलो.

तो वेल चढवलेल्या शेवरीच्या बुडख्याशी बसल्यासारखा पडला होता. चर सगळे मोकळे केले होते, पाणी वाहून गेलं होतं. काम पुरं करूनच पडला होता. डाव्या घोट्याला टॉवेल आवळून बांधला होता. पान लागलं होतं त्याला. साप हा शब्द आमच्या तोंडात मळ्यात येत नाही. फोन हातात होता, अंगठा त्या एका बटणावर.

माझं घर तिथून पाच-सात मिनिटांच्या वाटेवर. माझ्याकडं जीप उभी होती. मानसिंगनं फोन उचलून मला नुसतं "तात्या, पळा" म्हटलं असतं तरी… जाऊ द्या.

फोन मी काढून घेतला. पाणी शिरून बंद पडला होता, काही केल्या सुरू होईना. तो त्या रात्रभर माझ्याच खिशात होता. मानसिंगला भिमाचा फोन आला तो त्यानंतर. मी पुन्हा पुन्हा ताळा करून बघितलाय. तुम्ही बघा तुमचा तुम्ही.

माणसं गोळा झाली, भिमाला उचललं. निघताना पायताणही घ्यावं म्हणून मी वाकलो. दोन्हीत पाणी भरलेलं. ते ओतलं तर आतून वाळू आली. मला वाटलं, असेल कुठल्या बांधकामावरची. तेव्हा विचार करायला वेळ कुठं होता? पायताण जीपमध्ये टाकलं आणि इंदापूरला सरकारी दवाखान्यात निघालो. डॉक्टर म्हणाले, दिवस मावळतानाच गेलाय.

सकाळी त्याला घरी आणलं. रंगूबाई आली होती. तिचा आवाज बसलेला, रडणं संपून गेलेलं. पायताण मी उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं, तसंच, बोटं रस्त्याकडं करून. मानसिंगला मी रात्रभर फोन लावत होतो, लागला नव्हता. त्याला कुणीच कळवलेलं नव्हतं.

तरी तो आला. पांढरी गाडी चिखलानं माखलेली, आत तो एकटा. दोघं दोस्त रात्रीच वाटेत कुठं तरी उतरले होते, आजतागायत त्याच्या दारात फिरकले नाहीत. गाडीतून उतरला आणि न विचारता सरळ भिमाच्या दारात येऊन उभा राहिला. भिमाकडं बघितलं, मग पायताणाकडं. ती निळी सुतळी बघून मटकन खाली बसला. गाडी त्या दिवशी उभी केली ती केली.

रंगूबाई त्याच्याकडं बघत होती. तोंडाकडं नाही, बुटांकडं. बुटांवर वाळू सुकली होती. आपल्या काळ्या रानातली नव्हे, नदीतलीही नव्हे. बारीक, राखाडी, शिंपल्यांच्या चुऱ्यानं चमकणारी. तिनं उंबऱ्याबाहेरच्या पायताणाकडं बघितलं. पट्ट्याच्या बेचक्यात तीच वाळू अजून ओली होती, आणि निळ्या सुतळीच्या गाठीत नखाएवढा एक शिंपला अडकला होता.

"भावजी," ती म्हणाली, "तुमी कऱ्हाटीला गेला व्हता न्हवं?"

मानसिंगनं मान वर केली नाही.

रंगूबाई वाकली. नवऱ्याच्या पायताणातली ओली वाळू तिनं बोटाच्या टोकावर घेतली आणि जिभेला लावली.

"खारट हाय," ती म्हणाली.